सुरी, फळी आणि बिनकाट्याचा घास



मागच्या अंकातील जमाखर्चात नवापूर तालुक्याच्या कामाखाली एक ओळ होती : सुऱ्या, लाकडी फळ्या आणि बर्फाच्या पेट्या. या ओळीविषयी दोन-तीन मंडळ्यांतून विचारणा झाली. एका वडीलधाऱ्या बंधूंनी फार प्रेमाने लिहिले की, आदिवासी बांधव तर पिढ्यानपिढ्या मासे खातात, त्यांना मासा कापायला आपण काय शिकवणार?

प्रश्न रास्त आहे. देणगी देणाऱ्याला तिचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही. म्हणून संपादकांकडे ही चार पाने मागून घेतली. मासा कसा साफ करायचा, कसा कापायचा आणि बिनकाट्याचा तुकडा कसा काढायचा, हे सगळे येथे क्रमाने लिहिले आहे. वाचून झाल्यावर सुरीवर झालेला खर्च कशासाठी होता ते आपल्या ध्यानात येईल, आणि आपल्या स्वयंपाकघरातही त्याचा उपयोग होईल.

पाणी बदलले, मासा बदलला

तापी नदीवर गुजरातेत उकाई येथे बांधलेले धरण १९७२ साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याचे पाणी नंदुरबार जिल्ह्यात नवापूर तालुक्यापर्यंत येते. शेते पाण्याखाली गेली, आणि जेथे नांगर चालत होता तेथे होडी चालू लागली. ज्यांची जमीन गेली त्यांतील अनेक घरे आज याच पाण्यातल्या माशावर जगतात.

त्याआधीही येथले मावची आणि भिल्ल बांधव मासे खात होतेच. पण ते ओढ्यानाल्यांतले, रंगावलीसारख्या नदीतले, बहुतेक बोटभर लांबीचे. असा मासा पोट दाबून साफ करायचा, मीठ लावायचा, भाजायचा किंवा वाळवायचा आणि काट्यांसकट चावून खायचा. ही त्यांची रीत उत्तम आहे. लहान माशाची हाडे पोटात गेली की त्यांतले कॅल्शियम मिळते. हे आपण त्यांना शिकवलेले नाही, त्यांच्या आज्यांनी शिकवलेले आहे. आम्ही प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो की ओढ्याचा लहान मासा आजीच्याच पद्धतीने खा.

धरणाच्या पाण्यातला मासा मात्र वेगळा आहे. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तर भारतातल्या नद्यांचे मासे. त्यांचे बीज जलाशयांत सोडले जाते. टिलापिया तर मूळचा आफ्रिकेचा. उजनीच्या परिसरात त्यालाच चिलापी म्हणतात. हे मासे मोठे होतात आणि त्यांचे काटे काही चावून खाता येत नाहीत. रोहू-कटल्याच्या मांसात तर बारीक, दुतोंडी काटे विखुरलेले असतात.

याचा परिणाम मी घरोघरी ताटांत पाहते. घरात दोन किलोचा कटला येतो. मोठे तुकडे मोठ्यांच्या ताटात पडतात आणि दोन वर्षांच्या लेकराला रश्श्यात कालवलेला भात मिळतो. कोणी मुद्दाम वंचित ठेवत नाही. एका आईने मला सरळ सांगितले, "ताई, काटा घशात अडकला तर दवाखाना किती लांब! त्यापेक्षा रस्साच बरा." तिचे भय खरे आहे. पण रश्श्यात मसाला असतो, तिखट असते. बाळाची वाढ ज्याने व्हायची ते मांस मात्र त्यात फारच थोडे असते. तीच गत म्हाताऱ्यांची. दात गेले, नजर कमी झाली की तेही मासा सोडून रश्श्यावर येतात.

म्हणजे मासा घरात आहे, पण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्या तोंडी तो जात नाही. तेव्हा सगळे येऊन ठरते ते मासा कसा कापला यावर.

मासा पारखताना

कापण्याआधी पारख. ताज्या माशाचे डोळे फुगीर आणि स्वच्छ असतात. शिळ्याचे खोल गेलेले आणि दुधाळ. कल्ल्याचे झाकण उचलून पाहावे. आतला रंग लालभडक असेल तर मासा ताजा, तपकिरी किंवा राखाडी झाला असेल तर शिळा. बोटाने दाबले की मांस पुन्हा वर आले पाहिजे. खळगा तसाच राहिला तर घेऊ नये. वासाने तर कळतेच.

मरळ आणि मागूर हे मासे हवेतूनही श्वास घेतात, म्हणून बाजारात ते पुष्कळ वेळ जिवंत राहतात. रोहू-कटला पाण्याबाहेर लवकर मरतो आणि मेल्यावर उन्हात झपाट्याने बिघडतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी पकडलेला मासा दुपारपर्यंत बर्फाविना ठेवला तर तो खाण्यालायक राहील याची खात्री देता येत नाही. बर्फाच्या पेट्या घेतल्या त्या यासाठी. नियम सोपा आहे : जेवढे माशाचे वजन तेवढाच बर्फ. एक थर बर्फ, एक थर मासा, वर पुन्हा बर्फ. आणि वितळलेले पाणी निघून जायला पेटीला खाली भोक.

साफ करण्याची रीत

आधी मासा स्वच्छ पाण्याने धुवावा. तो बुळबुळीत असतो, म्हणून शेपटीकडे धरताना हाताला चुलीची राख किंवा जाडे मीठ लावावे, नाहीतर फडक्याने धरावे. हात घसरला की सुरी बोटावर येते.

पहिले काम खवल्यांचे. सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे खवल्यांच्या उलट दिशेने खरवडावे. पसरट भांड्यात मासा पाण्याखाली धरून खरवडला तर खवले घरभर उडत नाहीत. पोटाखाली आणि परांच्या मुळाशी खवले राहून जातात, तेथे बोट फिरवून पाहावे. मिशा असलेल्या माशांना खवले नसतात. त्यांना राख चोळून चिकटा काढावा. पण त्यांच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांच्या मागे टोकदार काटा असतो. तो लागला की हात ठणकतो, म्हणून तो काटा सर्वांआधी छाटावा.

दुसरे काम परांचे. पाठीवरचा पर नुसता वरून कापला तर त्याची मुळे मांसात राहतात आणि पुढे घशात लागतात. पराच्या दोन्ही बाजूंनी उथळ चीर द्यावी आणि शेपटीकडचे टोक धरून तो डोक्याच्या दिशेने ओढावा. मुळासकट निघतो.

तिसरे काम पोटाचे, आणि सर्वांत जपून करायचे तेच. पोटाच्या मागच्या बाजूला जे छिद्र असते तेथून सुरीचे टोक घालून कल्ल्यांपर्यंत पोट उघडावे. टोक खोल जाऊ देऊ नये. पात्याची धार बाहेरच्या बाजूस, कातडीकडे ठेवावी, म्हणजे आतले काही फुटत नाही. मग आतडी हाताने, सावकाश, एकत्र ओढून काढावीत. आत पुढच्या बाजूला हिरवट-काळसर रंगाची एक लहान पिशवी दिसते. ते पित्त. ती फुटू देऊ नये. फुटलीच तर तो भाग लगेच भरपूर पाण्याने धुवावा आणि हिरवा डाग पडलेले मांस कापून टाकावे. नाहीतर सगळे कालवण कडू होते.

मादीच्या पोटात गाभोळी असली तर ती वेगळी काढून धुऊन ठेवावी. ती पौष्टिक असते आणि तिच्यात काटा नसतो.

चौथे काम कल्ल्यांचे. कल्ल्यांत चिखल आणि रक्त साचलेले असते. डोके ठेवायचे असेल तर कल्ले दोन्ही टोकांशी कापून पूर्ण ओढून काढावेत. रोहू-कटल्याच्या घशाच्या आत दात असलेले एक हाड असते, तेही काढावे. गाळ तेथे अडकून बसतो.

शेवटी पोटाच्या आतून काळे पातळ अस्तर असेल तर ते फडक्याने किंवा चमच्याने खरवडून टाकावे. कण्याला चिकटून गडद रक्ताची एक रेघ असते. तीवर चमच्याचे टोक फिरवून ती काढावी आणि पोकळी धुवावी. माशाला वास येतो तो पुष्कळदा या दोन गोष्टींमुळे.

काही माशांना मातीचा वास येतो. तो शिळेपणाचा नसतो. पाण्यातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, तो माशाच्या अंगात मुरतो. पहिल्या पावसानंतर मातीचा वास येतो तोही याच पदार्थाचा. कातडी आणि मांसातली लालसर गडद पट्टी काढली, मग चिंच, लिंबू किंवा ताक लावून थोडा वेळ ठेवले की तो बराच कमी होतो.

पित्ताविषयी एक कळकळीची सूचना

येथे थोडे थांबून एक गंभीर गोष्ट लिहिते. माशाचे कच्चे पित्त गिळले की नजर सुधारते, साखर उतरते, दमा जातो, असे सांगणारे लोक आपल्या देशात अनेक ठिकाणी आहेत. कृपा करून असे कोणी करू नये आणि कोणाला करू देऊ नये. रोहूसारख्या माशांच्या पित्तात सायप्रिनॉल नावाच्या जातीचे विष असते. कच्चे पित्त गिळल्यानंतर आधी उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात, आणि मग यकृताला इजा होऊन मूत्रपिंडे बंद पडतात. अशा रुग्णांच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी केलेल्या आहेत. काहींना डायलिसिसवर ठेवावे लागले. शिजवल्यानेही हे विष जात नाही.

कोणी पित्त गिळलेच असेल तर "बघू उद्या" म्हणू नये. त्रास होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि काय गिळले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. प्रशिक्षणात आम्ही पित्ताची पिशवी प्रत्येक बहिणीला स्वतः ओळखायला लावतो, मग ती आतड्यांबरोबर खड्ड्यात पुरतो. हा खड्डा विहिरीपासून दूर आणि कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल असावा.

सुरी कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येते. घरोघरी विळी असते. विळीवर माशाच्या आडव्या तुकड्या छान पडतात. पण आडवी तुकडी म्हणजे प्रत्येक तुकड्यात कण्याचा भाग, बरगड्या आणि काटे आलेच. बिनकाट्याचा तुकडा काढायचा तर पाते कण्याला चिकटून, आडवे, डोक्यापासून शेपटीपर्यंत सरकले पाहिजे. विळीचे पाते उभे आणि स्थिर असते, त्यामुळे मासाच हातात धरून फिरवावा लागतो. सरावलेला हात तेही करतो. शिकणाऱ्याची बोटे मात्र धोक्यात येतात. म्हणून अरुंद, थोडे लवचीक पाते असलेली सुरी आणि न हलणारी फळी. फळीखाली ओले फडके घातले की ती सरकत नाही. सुरी बोथट असली तर जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात कापतो, म्हणून सोबत धारेचा दगड.

हॉटेलात ज्याला फिले म्हणतात आणि बाजारात बोनलेस म्हणतात, तो तुकडा शिकण्यासाठी टिलापिया सर्वांत सोपा. त्याच्या मांसात रोहूसारखे दुतोंडी काटे नसतात. रीत अशी :

१. साफ केलेला मासा फळीवर आडवा ठेवावा, पाठ आपल्याकडे. कल्ल्याच्या झाकणामागे तिरपा काप द्यावा. पाते कण्याला लागले की थांबावे.

२. पाठीच्या कडेने डोक्यापासून शेपटीपर्यंत उथळ चीर द्यावी.

३. पाते हाडांवर जवळजवळ आडवे ठेवून लांब ओढीने पुढे न्यावे. दुसऱ्या हाताने सुटलेले मांस हळूच वर उचलत राहावे. पात्याखाली हाडाची करकर जाणवली म्हणजे आपण बरोबर जागी आहोत. करवतीसारखे मागेपुढे करू नये, मांस फाटते.

४. बरगड्या लागल्या की त्यांच्यावरून पाते सरकवावे. शेपटीशी पोचल्यावर मांस सोडवून घ्यावे. मासा उलटून दुसऱ्या बाजूला तेच करावे.

५. कातडी काढण्यासाठी तुकडा कातडी खाली करून ठेवावा. शेपटीकडचे टोक मिठाच्या बोटांनी धरावे, मांस आणि कातडी यांमध्ये पाते तिरपे घालावे आणि कातडी आपल्याकडे ओढावी.

६. आता डोळे मिटून बोट फिरवावे. तुकड्याच्या मधोमध, पुढच्या भागात बारीक काट्यांची एक ओळ लागते. तिच्या दोन्ही बाजूंनी काप देऊन ती अरुंद पट्टी काढून टाकावी. पुन्हा एकदा बोट फिरवावे.

डोळे मिटून बोट फिरवणे हा आमच्या प्रशिक्षणातला शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा धडा. डोळ्यांना न दिसलेला काटा बोटाला सापडतो. मरळ आणि मिशा असलेले मासेही याच रीतीने निघतात. त्यांच्यातही काटे कमी असतात.

रोहू-कटल्याचे काय?

रोहू-कटल्याचे दोन्ही पट्टे वरच्याच रीतीने काढता येतात, पण काम तेथे संपत नाही. त्यांच्या पाठीच्या आणि शेपटीच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे सुटे रुतलेले असतात. ते कण्याला जोडलेले नसल्याने कण्याबरोबर निघत नाहीत.

यावर तोडगा माशाच्या रचनेतच आहे. पट्ट्याचे मधल्या रेषेवर दोन भाग करावेत. पोटाकडच्या भागात, छिद्राच्या पुढे, काटे असतात ते मुख्यतः बरगड्यांचे. त्या मोठ्या असतात आणि पाते तिरपे घालून एकत्र उचलता येतात. बरगड्या काढल्यावर उरलेला तुकडा जवळजवळ बिनकाट्याचा असतो. गोड्या पाण्याचा मासा रोज खाणारे बंगाली लोक या पोटाकडच्या तुकडीला पेटी म्हणतात आणि पाठीकडच्या काटेरी तुकडीला गादा. त्यांच्या बोलीतच ही वाटणी रुजलेली आहे. आम्ही बहिणींना सांगतो, पेटी लेकराची आणि म्हाताऱ्यांची, गादा दातवाल्यांचा.

पाठीचा भागही सोपा करता येतो. तो कातडी खाली करून ठेवावा आणि दर दोन-तीन मिलिमीटरवर आडवे काप देत जावे. कातडी मात्र कापू नये. आतले काटे बारीक तुटतात. मग मीठ-हळद आणि तांदळाचे पीठ लावून गरम तेलात चांगले तळले की ते कुरकुरीत होऊन चावले जातात. हा तुकडा मोठ्यांसाठी आणि दात पक्के झालेल्या मुलांसाठी. लहान बाळाला तो देऊ नये.

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की वरच्या आहाराबरोबर मासा सुरू करता येतो. पेटीचा किंवा टिलापियाचा तुकडा तिखट न घालता वाफवावा, पूर्ण शिजवावा, ताटात बोटांनी कुस्करून पुन्हा एकदा काटा शोधावा आणि मऊ भातात कालवून भरवावा. गोड्या पाण्याचा मासा कोणासाठीही कच्चा किंवा अर्धाकच्चा ठेवू नये.

उरलेल्या तुकड्यांविषयी

टिलापियाचे बोनलेस मांस त्याच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांशच भरते. म्हणजे दोन भाग फळीवरच राहतात. नव्याने शिकणारी बहीण हे पाहून घाबरते. "एवढे सगळे टाकायचे?" टाकायचे नाही. डोके, कणा आणि पोटाच्या कडा स्वच्छ धुऊन पाण्यात उकळाव्यात, फडक्यातून गाळावे, आणि त्या पाण्यात भात किंवा डाळ शिजवावी. कण्याला चिकटलेले मांस उकळल्यावर सहज सुटते. ते काटे पाहून वेचावे. कटल्याच्या डोक्याचे कालवण तर अनेकांना तुकडीपेक्षा आवडते.

योहानाच्या शुभवर्तमानात पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. पाच हजार जेवले, आणि मग उरलेले तुकडे बारा टोपल्यांत गोळा करण्यात आले. गालीलचा समुद्र म्हणजे खरे तर गोड्या पाण्याचे सरोवर आहे. तेथे टिलापियाच्याच कुळातला मासा आजही मिळतो आणि लोक त्याला संत पेत्राचा मासा म्हणतात. आमच्या फळीवरचा मासा त्या किनाऱ्याच्या माशाचा नातलग आहे, हे सांगितले की बहिणींच्या चेहऱ्यावर हसू येते. आणि तुकडे गोळा करण्याची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हाताची काळजी, घशाची काळजी

दिवसभर ओल्या हातांनी काम करणाऱ्यांना काटा रुतणे नेहमीचेच. टिलापियाच्या पाठीवरचे काटे विशेष टोकदार असतात. जखम साबणाने धुवावी, काटा आत राहू देऊ नये, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. हात सुजला किंवा ताप आला तर थांबू नये. काम संपल्यावर फळी साबणाने घासून उन्हात वाळवावी. ओल्या फळीवर दुसऱ्या दिवशीचा मासा लवकर नासतो.

आणि घशात काटा अडकलाच तर? आपल्याकडे सुक्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायला देतात. डॉक्टर याला मनाई करतात, कारण काटा त्याने आणखी खोल रुतू शकतो. घशात बोट घालून चाचपूही नये. जोरात खोकून सुटला तर ठीक. टोचणे थांबत नसेल, लाळ गिळता येत नसेल किंवा रक्त दिसले तर डॉक्टरांकडेच जावे. श्वास अडत असेल तर एक क्षणही दवडू नये.

सुरीने काय केले?

आता त्या वडीलधाऱ्या बंधूंना उत्तर देते. मासा पकडणे, तो ओळखणे, लहान मासा वाळवणे यांत आमच्या बहिणी आमच्या गुरू आहेत. धरणाबरोबर आलेल्या मोठ्या, काटेरी माशासाठी मात्र वेगळे हत्यार आणि वेगळी रीत लागते, आणि आपल्या देणगीतून आपण तेवढेच दिले. त्याचे दोन परिणाम मी पाहते आहे.

पहिला बाजारात. नोकरदार घरांना साफ केलेला, कापलेला मासा हवा असतो. पूर्वी बहिणी अख्खा मासा व्यापाऱ्याला देऊन मोकळ्या होत. आता बचत गटातल्या काही जणी बर्फाची पेटी घेऊन स्वतः बसतात आणि कापून देण्याचे वेगळे पैसे घेतात. प्रत्येकीला हे जमलेले नाही. कोणाला बर्फ वेळेवर मिळत नाही, कोणाला दिवसभर बसायला सवड नाही. पण ज्या बसतात त्या आता भाव स्वतः सांगतात.

दुसरा घरात, आणि माझ्या दृष्टीने तो मोठा आहे. परवा एका घरी जेवणाच्या वेळी गेले होते. चुलीशी बसलेल्या सासूबाई सुनेला सांगत होत्या, "आधी पेटी बाजूला काढ, पोऱ्याची. मग आपलं बघू." वाफवलेला तुकडा त्यांनीच बोटांनी चाचपला आणि नातवाच्या भातात कालवला. त्यात माझे काही काम नव्हते, म्हणून मी गप्प बसून जेवले.

येत्या तिमाहीत आणखी दोन पाड्यांवर हे प्रशिक्षण घेण्याचा विचार आहे. सुऱ्या पुरतील, धारेचे दगड आणि बर्फाच्या पेट्या कमी पडतील. ज्यांना शक्य असेल त्यांनी हातभार लावावा. होडीवर रात्री जाळे टाकायला जाणाऱ्या बांधवांना प्रार्थनेत स्मरावे. वारा सुटला की ते पाणी फार वाईट असते. आणि आपल्या घरी पुढच्या वेळी रोहू आणाल तेव्हा पोटाकडची तुकडी आधी नातवंडासाठी बाजूला काढा. बोट फिरवून काटा पाहायला विसरू नका.